उन्हात ठेवलेली रेकॉर्ड

विमलताईंचं बुरशीशी हाडवैर. त्यामुळे परदेशातल्या फ्लॅट बुश या उपनगरात शेजारी राहणाऱ्या तामाती नावाच्या माणसाने घरात कार्पेटचं काम निघालं म्हणून रेकॉर्ड्सचं खोकं त्यांच्याकडे ठेवायला दिलं, तिथेच घात झाला.

खोक्यात सगळ्यांत वर जमैकाचा एक जुना रेगे अल्बम होता. तामातीच्या आईचा. ती गेल्या वर्षी वारली. शनिवारी तिच्या थडग्यावरच्या दगडाचं अनावरण होतं, आपल्याकडच्या वर्षश्राद्धासारखं. मग माराएवर, म्हणजे त्यांच्या कुळाच्या सभाघरी, जेवण. आणि जेवताना हीच रेकॉर्ड लावायची होती. विमलताईंना रेगे काही परकं नव्हतं. कुंपणापलीकडून तो संथ, जड ठेका यायचा आणि त्यावर त्यांची भाजी चिरून व्हायची. म्हणूनच त्यांना वाटलं, म्हातारीची वस्तू शनिवारी लख्ख दिसू दे. तबकडीवरचे बुरशीचे ठिपके त्यांनी भांड्यांच्या साबणाने धुतले आणि ती अंगणात वाळत ठेवली. इथलं ऊन काय चीज आहे, हे दोनदा पाठ भाजून घेऊनही बाईंना कळलं नव्हतं. दुपारपर्यंत तबकडीचा तळलेला पापड झाला.

विमलताईंच्या तोंडचं पाणी पळालं. तामातीची गाडी आली की त्या आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. जेवण जाईना, झोप लागेना.

"आई, टेन्शन नको घेऊ," त्यांचा मुलगा अनिरुद्ध म्हणाला. "हेन्डरसन एरियातल्या एका शॉपमध्ये सेम अल्बम आहे. तामातीला कळणार पण नाही."

त्याने दुसरी प्रत आणली आणि घरी लावून पाहिली. सुरेख वाजली. विमलताईंना मात्र नेमकं तेच खटकलं. तामातीच्या रेकॉर्डवर एका गाण्यात सुई अडकायची, तीच ओळ पुन्हा पुन्हा यायची आणि अख्खं घर ती ओळ ओरडत हसायचं. सगळ्यांत मोठा आवाज म्हातारीचा. आता माराएवर सगळे त्या ओळीची वाट बघत बसणार आणि गाणं खुशाल पुढे निघून जाणार.

"मी सांगून येते."

"अगं, उगाच हर्ट होईल तो."

"होईल. पण तिथे चारचौघांत होण्यापेक्षा इथे होऊ दे."

दोन्ही तबकड्या घेऊन त्या तामातीच्या दारात उभ्या राहिल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. कशालाही 'स्वीट ॲज', म्हणजे 'एकदम मस्त', म्हणणारा तो माणूस आज वाकड्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत राहिला. त्याचे डोळे भरून आलेले पाहून विमलताईंना आपल्या स्वच्छतेची लाज वाटली.

"शनिवारी या, आंटी," तो शेवटी म्हणाला. "आणि हे तुम्हीच सांगा."

"कुणाला?"

"सगळ्यांना. माझे मामा, मावश्या, पोरंटोरं. शंभरेक जण असतील. जेवण झालं की ज्याला बोलायचं तो उभा राहतो."

हळदीकुंकवातसुद्धा उखाणा घ्यायची वेळ आली की स्वयंपाकघरात पळणाऱ्या बाई त्या. आत्ता पाठ फिरवली तर तो काही बोलणार नाही, आणि पुन्हा कधीच काही ठेवायला देणार नाही, हेही त्यांना कळलं.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.