निवेदनावर पहिली सही माझी

"नर्सबाई, दगड मारनाऱ्या हातानं तिकडं जाऊन सुया टोचशीन काय?"

पासपोर्टच्या चौकशीसाठी मला ठाण्यात बोलावलं होतं. जमादार खुर्चीत, मी उभी. बाक रिकामा होता म्हणून बसायला गेले, तर म्हणाला, "खाली बस. आरोपी बाकावर नाई बसत." बसले. फरशीवर. ड्युटीच्या पांढऱ्या कपड्यांत. आतले दोघं-तिघं हसले.

दगड मी कधीच मारला नाही. आमची वांगी-मेथीची बागायत. तीन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात एका शिपायानं मेथीच्या जुड्या फुकट उचलल्या. बाबांनी हटकलं. त्यानं लाठीनं त्यांचं मनगट मोडलं. मी शेजारीच बसले होते. गावानं मोर्चा काढला, तहसीलला निवेदन दिलं. आमची जुनी खोड, निवेदन म्हटलं की प्रत्येकाची सही, पूर्ण नाव, मोबाईल नंबर. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहिलं मी आणि पहिली सहीही माझी. पोलिसांनी दगडफेकीचा, दंगलीचा गुन्हा लावला तेव्हा आरोपींची यादी त्याच कागदावरून उतरवली. त्याच क्रमानं. यादी आम्हीच करून दिली होती, अकलेचे कांदे. बाबांचा हात प्लास्टरमध्ये, त्यांना सही जमली नाही, म्हणून तेवढे ते सुटले.

मोर्च्याआधी आमच्या गल्लीत कोणाकडं पासपोर्ट नव्हता. पोरं पोलीस भरतीसाठी धावायची. त्यानंतर धावणं बंद झालं आणि पासपोर्टचे अर्ज सुरू झाले. मोर्च्याला न आल्यानं ज्यांची सही नव्हती ते दुबईला, कतारला गेले. सही असलेले चौकशीत अडकले. मला परदेशातल्या एका दवाखान्याचं नोकरीचं पत्र आलं होतं.

जमादारानं कोरा कागद पुढं सरकवला. "लिही, बाप पडला, हात मोडला. लोकायनं मले फूस लावली. रिपोर्ट चांगला पाठवतो."

माझ्यासोबत आलेले बाबा दारात उभे होते. म्हणाले, "लिऊन दे माय. हात माहा हाय ना? मी म्हन्तो, पडलो. तू निंग इथून."

मला जमादारापेक्षा बाबांचा राग आला. मग स्वतःची लाज वाटली. मार खाल्लेल्या माणसाला खोटं बोलायला लावून मी विमानात बसणार होते.

उठले. म्हणाले, "नाई लिहित."

"मंग सड इथंच."

सडेन. पासपोर्ट येणार नाही, तिकडची नोकरी गेलीच. केस कधी उभी राहील कोण जाणे, आणि राहिली तरी आम्ही सुटू असं मला वाटत नाही. पण मला कोर्टात उभं केलं की मी सांगणार, मनगट लाठीनं मोडलं. लाठी कोणाची होती तेही सांगणार. नावानिशी.