केसरीनाथ जॉबरची खिडकी

शेलार गावात केसरीनाथ जॉबरला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि त्याच्या तेलाच्या कुपीच्या तावडीतून सुटलेली वस्तूही सापडणार नाही. बत्तीस वर्षं त्याने कारखान्यात जॉबर म्हणून माग दुरुस्त केले. माग अडला की लांब नळीची कुपी घ्यायची, सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडायचे, माग चालू. एवढ्या एका विद्येवर स्वारीने जन्मभर टेंभा मिरवला. काम सुटलं त्या दिवशी मालकाने शाल घातली, यांनी वर ती कुपी मागून घेतली. शाल बायकोने, मैनाबाईने, पेटीत ठेवली. कुपी मात्र घरात सुटली.

बिजागरीला तेल, पाळण्याच्या कडीला तेल, शिवणयंत्राला तेल. एकदा कुलपात इतकं ओतलं की आठवडाभर किल्ली लावल्यावर हात धुवावे लागत. या माणसाला डोकं दिलंय ते टोपी घालायला, असं मैनाबाईचं स्पष्ट मत होतं आणि ते ती लपवतही नसे.

हे सगळं तिने चालवून घेतलं असतं. पण खिडकीचं कसं चालवून घ्यायचं?

मुलाने, मितेशने, दोन हजार सहा साली घरावर एक खोली चढवली आणि तिला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली. समोर दहा हातांवर यंत्रमागाचा कारखाना. त्या वर्षी लोडशेडिंगने जीव खाल्ला होता. लाईट गेली की पंखा बंद आणि मागही बंद, म्हणजे खिडकी उघडायची. लाईट आली की माग सुरू, रुई उडायला लागली, म्हणजे खिडकी पटकन लावायची. सून क्षितिजा दिवसातून सहा-सहा वेळा ती खिडकी सरकवायची, कारण तिच्या सात महिन्यांच्या पूर्वाची छाती रुईने भरून यायची. रुई आत येता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

खिडकी जराशी किरकिरते, असं क्षितिजा म्हणाली आणि जॉबरसाहेब कुपी घेऊन हजर. रुळात तेल सोडलं. तेलावर रुई बसली, रुईवर धूळ बसली, पंधरा दिवसांत रुळात काळा चिखल झाला आणि खिडकी अर्ध्यावर रुतली. यावर साहेबांचा उपाय काय, तर आणखी तेल. "तेल नका घालू, रुई चिकटतीया," हे मैनाबाई मागून सांगून सांगून दमली. साहेब पाठमोरे, ओतताहेत. बायकोला काय कळतंय यंत्रातलं! तिला त्या पाठीचाच राग यायचा.

सोमवारी पूर्वाला धाप लागली. मंगळवारी सकाळी क्षितिजाने बॅग भरली.

"आई, मी माहेरी जाते, कोन गावाला. ही खिडकी लागत नाही तोवर मी पोरीला इथे आणणार नाही."

तिचं काय चुकलं होतं? मैनाबाईने तिच्याकडून एक दुपार मागून घेतली.

दोनला लाईट गेली तशा दोघींनी काचेची झडप वर उचलून रुळातून बाहेर काढली. मैनाबाईने चमच्याच्या दांड्याने चिखल खरवडला, साबणाचं गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन रूळ घासला. पाणी जायची भोकं बुजली होती, ती केसांच्या पिनेने मोकळी केली. झडपेच्या चाकांना गुंडाळलेले धागे कापले. सगळं फडक्याने कोरडं केलं आणि मग मेणबत्तीचं थोटूक रुळावरून दोनदा फिरवलं. मेणाला तेलासारखी रुई चिकटत नाही, एवढं कळायला जॉबर व्हावं लागत नाही. झडप परत बसवली. एका बोटाने सरकली.

क्षितिजा बॅग रिकामी करायला खाली गेली. मैनाबाई बादली ओतून परत येते तो केसरीनाथ खिडकीपाशी उभा. हातात कुपी.

"ठेवा ती कुपी खाली," ती दारातून ओरडली.

तो वळला नाही. ती आणखी जोरात ओरडली. पाळण्यात पूर्वा दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं. पाळणा त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर होता. पूर्वाने नुसता ओठ काढला तरी जेवणाचं ताट सोडून उठणारा हा माणूस. आज वळला नाही. लाईट नव्हती, समोर एकही माग चालू नव्हता, टाचणी पडली तरी कळावं अशी दुपार होती. आणि तो शांतपणे कुपीची नळी रुळाकडे नेत होता.

मैनाबाई ओरडायची थांबली.

लग्नानंतर दोन वर्षं ती त्याच्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती. त्या धडधडाटात तिथे कोणी कोणाशी बोलत नसे. ओठ वाचायचे नाहीतर हाताने खूण करायची. उघडा पंजा आडवा फिरवला की माग थांबवायचा.

ती पुढे जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने पंजा आडवा फिरवला.

केसरीनाथने तत्काळ कुपी खाली ठेवली. मग तिच्या नजरेमागे त्याने वळून पाहिलं, पाळण्यात रडून लाल झालेली नात दिसली आणि तो कावराबावरा झाला. त्याने तिला उचलून छातीशी धरलं.

"कवापासून?" मैनाबाईने तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश विचारलं.

तो पूर्वाची पाठ थोपटत राहिला.

"मंग सांगायचं न्हाय? आन् येवडं तेल कशापायी वतलं?"

केसरीनाथ खाली बघत म्हणाला, "किरकिर थांबली का न्हाय, तेच कळत न्हवतं."