कोपऱ्यातलं खत

बयाबाईच्या टाळूवर केस नव्हते. उभा जन्म शेणखताच्या पाट्या वाहून तिथं वाटीएवढा चट्टा पडला होता, आणि तो ती पदराखाली असा झाकून ठेवायची की परक्याला कधी दिसायचा नाही. तिच्या लेकाच्या, कृष्णातच्या, डोळ्यांपुढून मात्र तो हलायचा नाही. खत ओलं असलं की पाटीतून काळं पाणी गळायचं, डोक्यावरची चुंबळ भिजवून डोळ्यांत उतरायचं, आणि संध्याकाळी ती लाल डोळ्यांनी भाकऱ्या थापायला बसायची. कृष्णात शहरात, शिवाजी पेठेतल्या एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकला तो पोटासाठी. पण हात बसल्यावर त्यानं मनाशी ठरवलं, आईच्या डोक्यावरची पाटी आपणच उतरवायची.

शहाण्णवच्या सुमारास आपल्या गावी, कोडोलीला, परत येऊन त्यानं रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकलं आणि भंगारातून खत पसरायचं यंत्र जोडायला घेतलं. ट्रॉलीच्या तळाशी साखळी, ती खत मागं सरकवणार. मागं पात्यांचा रूळ, तो ते रानभर उडवणार. उडवणार म्हणजे उडवायला हवं होतं. वाळलं खत ड्रायव्हरच्याच तोंडात जायचं, ओलं पात्यांना चिकटून रूळ जाम व्हायचा. गावाला फुकटचा तमाशा मिळाला. "किस्नात, तुझं मशीन खत टाकतंय का खातंय?" असं बागायतदार हंबीरराव विचारायचे, पण चाचणीला रान त्यांनीच दिलं होतं, हेही खरं. कृष्णात रानात पोती अंथरायचा, कुठल्या पोत्यावर किती पडलं ते तोलायचा, पाती वाकवायचा, परत वाकवायचा. तिसऱ्या उन्हाळ्यात खत चाळणीनं चाळल्यासारखं सारखं पडलं. बांधावर उभ्या बयाबाईनं डोळे पुसले.

"सुटले रं बाबा," ती म्हणाली.

सुटली कसली! उन्हाळ्यात खत विस्कटणं हाच तर बौद्धवाड्यातल्या बायकांचा रोजगार. बयाबाईनं हाक दिली की सगळ्या पाट्या घेऊन तिच्या मागं निघायच्या. तिच्याशिवाय कुणाचं पाऊल उचलायचं नाही. पुढच्या वर्षी मशीन गावभर फिरलं आणि हाक द्यायला कामच उरलं नाही. चिमणाबाई तिची जन्माची सोबतीण. ती नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "बया, तुझ्या पोरानं डोक्यावरची पाटी उतरवली, आन् चुलीवरचं भगुलं बी उतरवलं." कृष्णात घरात जेवत होता. त्यानं ते ऐकलं आणि ताट बाजूला सारलं.

उरले होते फक्त कोपरे. ट्रॅक्टर वळताना शेताचे कोपरे आणि बांधाकडेच्या पट्ट्या कोऱ्याच राहायच्या, आणि तेवढ्यासाठी का होईना, बायकांना बोलवावं लागायचं. तुटपुंजी मजुरी, पण बयाबाईची हाक अजून चालत होती.

हंबीररावांना ते खुपायचं. "एवढ्या कोपऱ्यांपायी बायकांची मनधरणी कोन करनार? बाजूला फेकणारं कर की. तुला जमत नसंल तर सांगलीला दुसरा मानूस हाय."

सांगलीचा माणूस हे नुसतं निमित्त. कोपरे कृष्णातलाच सलत होते. जेवताना, अंघोळ करताना त्याला ते कोरे त्रिकोण दिसायचे. आपल्या कामात खोट राहिलेली त्याला बघवत नसे. याला गुण म्हणावं की रोग, कोण जाणे. आईला त्यानं विचारलं नाही. नवा बाजूचा पंखा घडत होता तेव्हा ती शेडमध्ये डबा घेऊन यायची, पंख्याकडे बघायची आणि रिकामा डबा घेऊन परत जायची.

चाचणीच्या दिवशी हंबीररावांनी, मशीन फसलं तर हाताशी असाव्यात म्हणून, बायकांनाही बोलावून ठेवलं. त्या कोपऱ्यातच उभ्या होत्या. पुढं बयाबाई, डोक्यावर चुंबळ, कमरेला रिकामी पाटी. कृष्णात ट्रॅक्टरवर चढला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आज जाम व्हावं. साखळी तुटावी, काहीतरी व्हावं. पण जोड त्याच्याच हातचे होते, ते कसले तुटतायत! वळणावर पंखा घुमला, बाजूनं खत उसळलं आणि बायकांच्या पायांपाशी काळा सडा पडला.

हंबीररावांनी टाळी वाजवली. चिमणाबाईनं पाटी उचलली आणि चालू लागली. बाकीच्या तिच्या मागं गेल्या. बयाबाई तेवढी थांबली. तिनं वाकून मूठभर खत उचललं, बोटांनी चोळलं, बांधाच्या मुळापर्यंत नजर फिरवली.

"पोचलं की रं, किस्ना," ती म्हणाली. "पार कोपऱ्यात पोचलं."

त्या कौतुकात खोटं काही नव्हतं, आणि तेच त्याला सोसेना. तिनं डोक्यावरची चुंबळ काढून पाटीत टाकली. पदर घसरला, टाळूवरचा चट्टा उन्हात उघडा पडला. तिनं तो झाकला नाही. तशीच ती बायकांच्या मागं निघाली. त्या एव्हाना ओढा ओलांडून गेल्या होत्या, आणि तिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.