हातभर उघडं शटर

“अवो, शटर उघडा! अवो, आयकून राहिले का? अवो!”

वहिनी दोन्ही हातांनी गॅरेजचं शटर बडवत होती. डब्याची पिशवी तिच्या पायाशी चिखलात कलंडली होती आणि तिच्यातून वरण वाहत होतं. मी गोंदियाहून इंजिनाच्या हेडचं गॅस्केट गळ्यात हारासारखं अडकवून आलो होतो. मोटारसायकलवरून उतरलो आणि खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी वाजलंय आणि माझा थोरला भाऊ, एवढा पहाडासारखा मिस्त्री, रुसून आत बसलाय. गावात सांगायची गोष्ट मी मनात रचायलाही घेतली होती.

“भाऊजी, ते बोलूनच नाही राहिले,” वहिनी म्हणाली. “अन् तुमचा तो हिटर सुरू आहे. फटीतून लाल दिसून राहिलं.”

मग मात्र गोष्ट जागच्या जागी मेली.

आमचं गॅरेज मुर्रीच्या रस्त्यावर. ट्रॅक्टरचं काम जास्त, शिवाय राइस मिलचे मेटाडोर. धंद्याची वाटणी सरळ होती: हात दादाचे, तोंड माझं. दादाचा कान असा की ट्रॅक्टर वळणावर असतानाच तो सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेला. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, हे तर काहीच नाही, चिचगडच्या जंगलात कोणी किक मारली तरी आमच्या दादाला इथे कळतं की प्लग ओला आहे.

“तीस पौंड काढ,” दादा चाकाखालून म्हणायचा.

हे त्याचं माप होतं. टायरमध्ये हवा जास्त झाली की काढतात ना, तसं तो माझं बोलणं मापायचा. नागझिऱ्याचा वाघ माझ्या मोटारसायकलच्या मागे धावला, ही माझी सगळ्यात नावाजलेली गोष्ट. ती सांगितली की तो पाना खाली ठेवायचा. “वाघाचा बिबट कर. बिबटाचं रानमांजर कर. अन् रानमांजर बी नव्हतं बे, तुहा दुपट्टाच फडकून राहिला होता मागं. साठ पौंड काढ.” गिऱ्हाईक हसून हसून डिझेलच्या ड्रमवर पडायचं. बाकीचे लोक माझं ऐकून “असन बा” म्हणायचे आणि किल्ली घेऊन निघायचे. असन बा म्हणजे राहू दे, तू बोलत बस. दादा मला कधी असन म्हणाला नाही. तो हवा काढायचा, म्हणजे आधी ती सगळी मोजायचा. आयुष्यभर माझा एकेक शब्द नीट ऐकणारा माणूस तो एकच.

आता थंडी. आमच्याकडे पौषात पाना हाताला चिकटतो आणि हात सोडवायला दुसरा पाना आणावा लागतो. बरं, वीस पौंड काढा. पण दादाची बोटं सकाळी वळत नव्हती, हे खरं. नट हातातून सुटायचे. तो कोणाला दाखवायचा नाही, पण मला दिसायचं.

आधी आम्ही टिनाच्या डब्यात धानाचा भुसा ठासून शेगडी केली. चारी बाजूंना राइस मिल, भुशाला काय तोटा! पण धूर असा की गिऱ्हाइकं रडत यायची, बिल ऐकण्याआधीच. मग विजेचा हिटर आणला. तो लाल झाला की वेल्डिंग मशीन मान टाकायची. घासलेट तर रेशनवरून कधीच गेलं. शेवटी मी म्हटलं, गॅसचा घेऊ. मागे सिलिंडर बसतो, खाली चाकं असतात, जिथे काम तिथे ढकलत न्यावा.

निवड मी केली, आणि डोळे उघडे ठेवून केली. दुकानात मी हिटर मुद्दाम कलंडवून पाहिला. तो आपोआप विझला. पुढची जाळी हलवून पाहिली. रबरी नळीवरची तारीख वाचली. दादाने एकच विचारलं, “धुव्वा किती होते?”

“भैया, न धुआँ, न बदबू,” दुकानदार म्हणाला. “पता भी नहीं चलेगा कि जल रहा है।”

दादा खूश झाला. शेजारीच दुसरा एक हिटर होता. दुकानदार म्हणाला, खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की हा स्वतःच विझतो. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “सेठ, एवढी थाप तर मीही मारत नाही.” दुकान हसलं. दादाही हसला. पहिलाच बांधायला सांगितला.

हिटरसोबत हिंदीतली एक पुस्तिका होती. आमच्याकडे वाचणारा मीच. जुन्या टायरवर बसलो, चहा आला, दोन शेतकरी ट्रॅक्टरची वाट बघत होते. अशी सभा जमल्यावर माझ्यासारख्याने नुसतं वाचायचं?

“नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावून बघा,” मी वाचलं. “बुडबुडा आला तर पेटवू नका.”

“बराबर,” दादा म्हणाला.

“पेट्रोल, थिनर जवळ ठेवू नका.”

“ते मले सांगते काय तो?” दादा म्हणाला. त्याने डबे तेव्हाच मागच्या पडवीत नेऊन ठेवले होते. आगीला तो घाबरायचा, मिस्त्री आहे शेवटी.

“दार-खिडकी उघडी ठेवा. पेटवून झोपू नका. बंद जागेत विषारी वायू जमतो, त्याला वास नसतो.” इथवर पुस्तिकेत होतं. इथे थांबायला हवं होतं. दोन्ही शेतकरी माझ्याकडे बघत होते आणि माझ्या जिभेला खाज सुटली. “अन् पुढं लिहिलंय, एका गावी अख्खी वरात शटर लावून हिटरपाशी बसली. चाळीस माणसं! सकाळी पाहिलं तर घोडीसकट बसल्या जागी गार. बँडवाल्याच्या तोंडात पिपाणी तशीच!”

“घोडी शटरच्या आत कायले गेली बे?” दादाने विचारलं.

“तिला थंडी नाही वाजत का?”

“पन्नास पौंड काढ,” दादा म्हणाला. शेतकरी हसले, मी सगळ्यांत जोरात हसलो. पन्नास पौंड निघाले, आणि घोडीबरोबर तो बिनवासाचा वायूही निघून गेला. मीच एका टायरात भरलेलं, तो तरी वेगळं कसं काढणार?

आता वाटतं, तसंही त्याला पटणं कठीणच होतं. त्याने सगळं आयुष्य वासावर आणि आवाजावर काढलं. क्लच जळाला तर वास येतो, बेअरिंग गेलं तर आवाज येतो. ज्याला वास नाही, आवाज नाही, असा बिघाड त्याने पाहिलाच नव्हता.

आठ दिवस शटर हातभर उघडं राहिलं, खाली विटा लावून. मग वारा झोंबतो म्हणून वीतभर. मग चार बोटं. दुपारी दादा म्हणायचा, “डोक्सं जड झालं, लहान्या.” मी म्हणायचो, “आत काही असल तर जड होईल ना!” आणि चहा मागवायचो. बाहेर जाऊन चहा घेतला की त्याला बरं वाटायचं. चहाचाच गुण, दुसरं काय.

त्या दिवशी सकाळपासून अवकाळी पाऊस, बारीक गारा. इंजिनाचं हेड उघडून ठेवलेलं, पाणी उडत होतं. दादाने शटर पार खाली ओढलं असणार. मी गॅस्केट आणायला गेलो होतो. गॅस्केट दहा मिनिटांत मिळालं. पण पाऊस होता, टपरीवर सहा जण अडकले होते, आणि मला सहा जण म्हणजे लाखाची सभा. मी वाघाची गोष्ट सुरू केली. पंधरा मिनिटांची गोष्ट, तासभर चालवली.

शटरला आतून कुलूप नव्हतं, पण ते चिखलात रुतलं होतं. सब्बल घालून उचकटलं. आतून ऊब आली. इतकी चांगली ऊब की क्षणभर मलाच बरं वाटलं. दादा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला टेकून बसला होता, मांडीवर पाना, समोर ओकलेलं, आणि गाल लग्नाच्या दिवशी होते तसे गुलाबी. मी त्याला काखेत धरून पावसात ओढलं. वहिनीने त्याचे पाय धरले होते आणि ती एकच म्हणत होती, “अवो, गारा पडून राहिल्या, उठा.”

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरने विचारलं, “खोली बंद होती?”

“हो,” मी म्हटलं. जन्मात मी एवढं छोटं उत्तर दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दादाने डोळे उघडून विचारलं, “गॅस्केट आणलं का बे?” मी दवाखानाभर नाचलो. मुर्रीत पेढे वाटले. लोकांना सांगितलं, दादा यमाच्या रेड्याचं इंजिन दुरुस्त करून परत आला. दादा हे ऐकून हसला आणि हाताने खूण केली: काढ. वहिनी पदर तोंडाला लावून किती वेळ हसत-रडत होती.

डॉक्टर म्हणाले होते, काही वेळा मागाहून त्रास होतो, लक्ष ठेवा. आम्ही कशाचं ठेवतो! माणूस चालतो, जेवतो, अजून काय पाहिजे?

तीन आठवड्यांनी एक दिवस मी पाहिलं, दादा एकच नट आवळत होता. आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा. मग एक ट्रॅक्टर आला, ज्याची टकटक बहिऱ्यालाही ऐकू यावी. दादा त्याच्यापुढे उभा राहिला. मी वाट पाहिली. ट्रॅक्टरवाल्याने वाट पाहिली. दादाने फडक्याने हात पुसले आणि जाऊन टायरवर बसला. पुन्हा डॉक्टर झाले, नागपूर झालं. तिथे म्हणाले, हळूहळू फरक पडेल, कदाचित नाही पडणार, धीर धरा. दादा भांडत नाही, रागावत नाही. वाढलं की जेवतो. घर तेच, पाट तोच, आणि वहिनी त्याच्यासमोर बसून त्याचीच वाट बघते.

मी शटरच्या पट्टीत सळईचा तुकडा वेल्ड केला. आता ते हातभर वरच अडतं, देवाने ओढलं तरी खाली येणार नाही. मागची भिंत फोडून खिडकी काढली. तो हिटर मोडला, विकला नाही. कोणाच्या बंद खोलीत गेला असता. दुकानात जाऊन दुसरा आणला, तो ऑक्सिजन कमी झाला की विझणारा. पण हा विझतो म्हणून काही मी शटर लावून घेत नाही. दर सोमवारी नळीला साबणाचा फेस लावतो, जेवायला जाताना कॉक बंद करतो, आणि कोणाचं डोकं जड झालं तर चहा नंतर, आधी बाहेर. येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतो. घोडी नाही, वरात नाही, एक पौंडही जास्त नाही. लोक म्हणतात, “असन बा,” आणि किल्ली घेऊन निघतात.

परवा सकाळी ऊन चांगलं होतं. दादा गॅरेजसमोर टायरवर बसला होता. वहिनी त्याच्यासाठी चहा घेऊन आली. मी त्याच्या शेजारी बसलो आणि वाघाची गोष्ट काढली. या वेळी वाघ मागे धावला नाही, सरळ मागच्या सीटवर बसला. माझ्या खांद्यावर पंजा ठेवला. नाक्यावर शिपायाने हात केला तर वाघाने त्याला सलाम ठोकला. मग इथे आला, या टायरवर बसला, कमी साखरेचा चहा प्यायला आणि म्हणाला, मिस्त्री कुठे आहे, त्याचा कान बघायला आलोय. टायर फुटेल एवढी हवा भरली मी. शंभर पौंड, दीडशे पौंड. आणि थांबलो. वहिनीही कपबशी हातात धरून थांबली.

दादा रस्त्याकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“असन,” तो म्हणाला.