उशाकडची शिवण

माझी बायको गेली त्या आठवड्यात थोरली वहिनी बसायला आली. काठी टेकत आली, डोळ्याला पदर लावला आणि भरल्या घरात म्हणाली, "हाताची वाकडी होती बिचारी, पण मनाची सरळ."

अंगाचा जाळ झाला माझ्या. मेल्यावरसुद्धा हे नाव सोडत नाही. जन्मभर माझ्या बायकोनं ते वागवलं आणि ते धडधडीत खोटं आहे. म्हणून लिहितोय. शाळा माझी थोडी झाली, निजामाच्या राज्यात, तीही उर्दूत. चुका निघाल्या तर निघू द्या.

लढाईची सालं होती. कापड कंट्रोलवर, तेही वशिला असेल त्याला. आमचं घर पेडगावला, आणि माझ्या बहिणीचं लग्न पाथरीकडं ठरलेलं. नवरीबरोबर वाकळ, म्हणजे हातानं शिवलेली गोधडी, द्यायची आणि मांडवात ती अंथरून वर विहिणीला बसवायचं, ही रीत. नवं कापड आणायचं कुठून? वडलांचे जुने पटके काढले, उभे फाडून लांब लांब पट्ट्या केल्या आणि शिवायचं काम माझ्या बायकोवर आलं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. वाकळ बिघडली तर या घरात कायमची मान खाली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

काम तिला येत होतं. पिंगळीला, माहेरी, तिच्या आईनं शिकवलेलं. लांब पट्टी मांडीवर घेतली की लोंबून ताणली जाते, म्हणून ती सारवलेल्या जमिनीवर सपाट अंथरायची. दोन पट्ट्या मापून सारख्या करायची, टोकाला टोक, मध्याला मध्य लावून तिथं बाभळीचे काटे टोचायची, मग अधेमधे आणखी काटे. आणि मुख्य म्हणजे पहिली शिवण या टोकाकडून घातली, तर पुढची त्या टोकाकडून. सुई चालते तसं वरचं कापड जरा जरा पुढं सरकतं. सगळ्या शिवणी एकाच बाजूनं घातल्या तर ते सरकणं साचत जातं आणि वाकळ विळ्यासारखी वळते. उलटसुलट घातल्या की एकीची ओढ दुसरी मारते.

अर्धी वाकळ झाली. पाटासारखी सरळ. तेवढ्यात वहिनी डोकावली. आई गेल्यापासून घरात तिचंच राज्य.

"धाकटे, ही शिवण कुठून धरलीस?"

"पायाकडनं, बाई."

"पायाकडनं? नवरीची वाकळ हाय का मढ्याची? आमच्यात शिवण उशाकडनंच धरत्यात. आन् शुभाच्या कापडाला काटे टोचायलीस? उसव समदं."

"एकाच बाजूनं शिवली तर वाकडी हुईल, बाई."

"तुज्या म्हायेरी हुत आसंल."

उशाकडून पायाकडं शिवायची चाल आमच्या घरात होती, हे खरं. पण तसं शिवून वाकळ सरळ कशी ठेवायची, हे वहिनीलाही ठाऊक नव्हतं, तिनं उभ्या जन्मात लांब पट्टी शिवली नव्हती. बायकोनं सगळं उसवलं. उसवलेला दोरा तुटका, जागोजाग गाठी. काटे वहिनीनं चुलीत घातले. पुन्हा सगळ्या शिवणी उशाकडून घातल्या, आणि झालं तेच. एक कोपरा वीतभर पुढं निघाला. वहिनी म्हणाली, "काप की तेवढा." कापून काय होणार? वाकडेपण शिवणीत होतं.

मांडवात वाकळ अंथरली. विहिणीनं बसायच्या आधी कोपरा पायानं ढकलून पाहिला.

"लेकीला वाकळ दिली का बैलाला झूल?"

बाया फिदीफिदी हसल्या. आणि वहिनी लगेच, "आमच्या धाकटीचा हात वाकडा हाय, इहिणबाई. पदरात घ्या."

मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभा होतो. म्हणालो, "हात वाकडा न्हाई, वयनी. तुमी उसवायला लावलं." पुढं बोलणार तोच भावानं दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. "बहिणीचं लगीन मोडायलास का?"

बायको मागच्या दारी भांडी घासत होती. मला म्हणाली, "कशाला वरडलाव? आता दोनदा निगालं माजं नाव."

तेव्हापासून हाताची वाकडी. भाकरी करपली तरी हात वाकडा, घागर डचमळली तरी हात वाकडा.

तर वहिनी परवा तेच बोलली. मी उठलो. बायकोनं शेवटची शिवलेली वाकळ आतून घेऊन आलो. गेली तेव्हा तिच्या अंगावर हीच होती. गेलेल्या माणसाचं अंथरूण गावाबाहेर टाकतात, मी टाकू दिलं नव्हतं. वहिनीपुढं ठेवली.

"घडी घाला."

"भावजी, काय हे?"

"घाला म्हणतो ना."

तिनं घातली. कोपऱ्यावर कोपरा बसला. पुन्हा घातली, पुन्हा बसला. शिवणीवरून बोट फिरवत पुटपुटली, "एक हिकडनं, एक तिकडनं."

"आन् वाकडी कुठं हाय?"

"न्हाई वाकडी."

"मोठ्यानं म्हणा."

सून मधे पडली, "मामंजी, जाऊ द्या की. म्हाताऱ्या हायत."

"मी काय तरणा हाय? भर मांडवात नाव ठेवलंय त्यांनी. भरल्या घरात मागं घेऊ द्या."

वहिनीनं मान वर केली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तिचा हात वाकडा नव्हता. म्याच उसवायला लावलं."

चहा न घेता उठली. बरं झालं. उंबऱ्यात मात्र वळली. "आता तरी ती टाका, भावजी. मढ्याची हाय."

मी वाकळ अंगावर ओढून घेतली. उशाकडची बाजू कुठं आली, पाहिलंसुद्धा नाही.