कंट्रोलकाकांचे हेडफोन

कंट्रोलकाकांना हेडफोनशिवाय पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. इकडे उत्तरेत, गोमती नगरमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. काळे, स्वस्तातले, बिनवायरचे, कानांवर नुसते टेकणारे ते हेडफोन सकाळी दात घासण्यापासून त्यांच्या डोक्यावर असत. थंडीत वरून माकडटोपी. त्या दिवशी ते चार्जिंगला लावून काका गेटपाशी भाजीवाल्या भैयाशी लौकीच्या, म्हणजे आपल्या दुधीच्या, भावावरून हुज्जत घालत होते, आणि मला वाटलं, हे कोण नवीन गृहस्थ राहायला आले?

त्यांचं नाव अर्थातच वेगळं होतं. पण रेल्वेत तीस वर्षं त्यांनी कंट्रोलरूममध्ये काढली होती. तिथल्या माणसाचं काम म्हणजे कानाला हेडफोन लावून बसायचं, एकाच लाइनवर सगळ्या स्टेशनांचे मास्तर बोलत असतात ते ऐकायचं आणि कुठली गाडी कुठे पोचली ते समोरच्या कागदावर पेन्सिलीने ओढत जायचं. "रिटायर झालो आणि पहिला महिनाभर बेचैन होतो बघ," ते मला म्हणाले होते. "इतकी शांतता! सारखं वाटायचं, लाइन गेली." मग कुठल्याशा सेलमध्ये हे हेडफोन घेतले, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

असे हेडफोन दोन तासांत कान लाल करतात. त्यात काकांचा चष्मा. मी एकदा सुचवलं, कान पूर्ण झाकणारे चांगले घ्या ना. "छे! मग हिची हाक कशी ऐकू येणार?" काका म्हणाले. काकूंची हाक त्यांना ऐकू येते याचा पुरावा मला सहा वर्षांत मिळाला नाही, ते सोडा. खाली वाकले की हेडफोन वरणात पडायचे. वर्षभरात कानांवरच्या गाद्यांचं काळं कातडं सुटून त्यांच्या गालांवर भुरभुरायला लागलं. तेव्हा काकूंनी जुन्या सुती साडीच्या दोन हिरव्या टोप्या शिवून त्यांवर चढवल्या. काका तसेच बँकेतही जायचे, मेट्रोतही बसायचे. कुणी हसलं तर ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

कंट्रोलमध्ये आलेल्या प्रत्येक निरोपाची पोच द्यावी लागते. ती सवय काकांच्या अंगात मुरलेली. काकू म्हणाल्या, "गॅस संपत आलाय," की काका म्हणत, "नोटेड." दूधवाला म्हणाला, "कल नहीं आऊँगा बाबूजी," की नोटेड. काकू मला समजावून सांगायच्या, "नोटेड म्हणजे ऐकलं, एवढंच. त्याचा अर्थ केलं असा घेऊ नकोस. माझा एक सिलिंडर त्यात गेलाय."

या काकूंना मिरजेला परत जायचं होतं. तिथे त्यांची धाकटी बहीण सुमनमावशी एकटीच राहायची. घर मोठं, वरची खोली रिकामी. एका दुपारी मटार सोलताना काकूंनी मला हे सांगितलं आणि लगेच शपथ घातली. "ह्यांना कळता कामा नये. ह्यांचं सगळं इथं आहे गं. मी बोलले तर दुसऱ्या दिवशी निघतील, आणि तिथे झुरत बसतील." काकांचं म्हणणं तर जगजाहीर होतं. आंब्यांत आंबा अशी मलिहाबादची दशहरी ज्या गावात टोपलीने मिळते ते गाव सोडून जाणारा माणूस मूर्ख, असं ते उन्हाळ्यात येईल त्याला सांगत. मी शपथ पाळली. खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. नवऱ्याच्या बदलीपायी या शहरात आले, त्याला सहा वर्षं झाली होती. मराठीतून रागवायला माझ्याकडे हीच दोन माणसं होती.

काकांनी आपल्या हेडफोनला दोघांचेही फोन जोडून ठेवले होते. "एक लाइन, दोन स्टेशनं. कंट्रोलमध्ये असंच असतं," हे त्यामागचं शास्त्र. एका जानेवारीच्या दुपारी काका बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी आणि काकू स्वयंपाकघरात होतो. काकूंचा फोन वाजला. सुमनमावशींचा होता. काकूंनी उचलला, हॅलो हॅलो केलं, काहीच ऐकू येईना. येणार कुठून? मावशींचा आवाज थेट बाहेर काकांच्या कानात जात होता. "ताई, सांगितलंस का दाजींना? वर्ष झालं, किती दिवस मनात ठेवणार आहेस? मला एकटीला हे घर खायला उठतं गं. तुलाही यायचंय, मग बोलत का नाहीस?"

आणि तीस वर्षांच्या सवयीने काका म्हणाले, "नोटेड."

पलीकडे फोन बंद झाला. काका आत आले तेव्हा हेडफोन गळ्यात होते. मावशी काय बोलल्या ते त्यांनी शब्दाला शब्द आम्हाला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. माझी मान वर होईना.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले. "एकेक मालगाडी बाजूच्या रुळावर किती वेळ उभी आहे, ते मला पाठ असायचं. आणि ही वर्षभर घरात उभी, तर मला पत्ता नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?" काकू म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

"नाही विचारलं," काका म्हणाले. "चुकलं." आणि त्यांनी उठून तिकिटं काढली. या वेळी नोटेड म्हणाले नाहीत.

फेब्रुवारीत आम्ही त्यांना पोचवायला चारबाग स्टेशनला गेलो. पुण्याची गाडी उशिरा होती, आणि ती नेमकी कुठे अडकली असेल ते काका कुलींना समजावून सांगत होते. काकू माझा हात धरून माझ्याहून जास्त रडल्या. "हाँ, अब रोना बंद," असं त्या स्वतःलाच हिंदीत म्हणाल्या आणि पुन्हा रडल्या. खालचा मजला पुढे दोन महिने रिकामा होता. जिना उतरताना मी उगाचच थांबायची.

गेल्या आठवड्यात भर दुपारी काकांचा फोन आला. दशहरी आली का बाजारात, भैया अजून लौकी तशीच महाग देतो का, सगळी चौकशी झाली. मग आवाज खाली आला. "मला इथं करमत नाही गं. दिवस जाता जात नाही. पण हिला बोलू नकोस. ती आणि सुमन दिवसभर हसत असतात. फार वर्षांनी अशी हसताना बघतोय."

मला एकदम रागच आला. एवढं होऊन माणूस काहीच शिकला नाही! "काका, मी एकदा गप्प बसले, तेवढं पुरे झालं," मी म्हटलं. "मी काकूंना सांगणार. आजच."

पलीकडून ताटवाट्यांचा आणि दोघी बहिणींच्या हसण्याचा आवाज येत होता.

"सांग," काका म्हणाले. "पण तिचं जेवण होऊ दे. मधेच सांगितलंस तर पानावरून उठेल."