लांब लांब मांडलेल्या खुर्च्या

कोरेगावात दर आठवड्याला काही ना काही असतंच. रक्तदान, सत्कार, व्याख्यान. मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या बातम्या मी आमच्या साप्ताहिकात लिहितो. खरं सांगायचं तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवतो, कारण शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: 'सभागृह भरगच्च भरले होते.'

खुर्च्या मांडणारा मंडपवाला मात्र प्रत्येक कार्यक्रमाला हजर. नाव मी कधी विचारलं नाही. खांद्यावरच्या टॉवेलनं तो एकेक खुर्ची पुसायचा आणि डोळे बारीक करून दोन खुर्च्यांमधलं अंतर ठरवायचा.

"एवढ्या लांब लांब का मांडता?" मी एकदा विचारलं.

"आवं सर, मानसं कमी येनार असली की आंतर वाढवायचं. हॉल भरल्यागत दिसतो. बोलनाऱ्याचं मन मोडत न्हाई."

मी हसलो. बिचाऱ्या वक्त्यांची मला कीव आली.

पुढच्याच महिन्यात माझं व्याख्यान ठरलं. बातमी अर्थातच लिहून तयार होती. तासभर आधी पोचलो, तर हॉलभर पंधराच खुर्च्या मांडलेल्या. दोन खुर्च्यांमधून बैलगाडी गेली असती. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो टॉवेल झटकत भलतीकडेच बघायला लागला.

चौदा माणसं आली. पंधराव्या खुर्चीवर तो स्वतः बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही.

बातमीतलं शेवटचं वाक्य मी बदललं नाही. पहिल्यांदाच ते खरं झालं होतं.